अपरिचितांचे वाद

ज्ञानकोश वाचकाच्या हाती पडतो तेव्हा त्यातील भांडणे मिटलेली असतात. निदान ती मिटली आहेत असा भास उत्पन्न करण्यात संपादकाचे बरेचसे कौशल्य खर्ची पडलेले असते. डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड ग्रंथालयात ओळीने मांडलेले पाहिले म्हणजे त्यांतील एखाद्या लेखावरून त्यांच्या कचेरीत किती वादंग माजले असेल आणि कोणाचे टिपण कोणी बाजूस सारले असेल, ह्याचा मागमूसही त्या पुठ्ठ्यांवरून लागत नाही. पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या प्रमुखत्वाखाली मराठी विश्वकोश सिद्ध होऊ लागला, तेव्हा नोंदींच्या अखेरीस लेखकांची नावे येऊ लागली. ही सुधारणा खरीच. तथापि कोणत्या वाक्यावरून संपादकाने त्या लेखकाशी हुज्जत घातली, ते वाचकास कळण्याची सोय तेथेही नाही. फार लांब कशाला, अठराव्या शतकातील फ्रेंच विश्वकोशाचा कर्ता दिदरो हा तर बंडखोर वृत्तीचा मनुष्य. पण त्यासही आपला मतभेद 'अमुक नोंद पाहा' अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या सूचनांच्या आडोशास लपवून ठेवावा लागला. सारांश, ज्ञानकोशाने एकमुखाने बोलावे, आणि त्या एका मुखामागे किती तोंडे आहेत हे झाकून ठेवावे, अशीच आजवरची रीत होती.

विकिपीडियाने ही रीत मोडली. ह्या संस्थेविषयी आपल्याकडे जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरत असते: तीतील माहितीवर विश्वास ठेवावा की न ठेवावा? प्राध्यापकवर्ग ह्या प्रश्नाचे उत्तर वर्गात नकारार्थी देतो आणि घरी गेल्यावर तीच पाने उघडतो. ह्या प्रश्नात मला येथे शिरावयाचे नाही. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखास दोन दारे जोडलेली असतात. एकावर 'इतिहास' अशी पाटी असते. त्यातून आत गेल्यास त्या लेखात पहिल्या दिवसापासून कोणी, केव्हा, कोणता शब्द घातला वा काढला, ते सर्व पाहावयास मिळते. दुसऱ्यावर 'चर्चा' अशी पाटी असते. तेथे लिहिणारे लोक त्या लेखाविषयी आपसांत वाद घालतात आणि प्रत्येक म्हणण्याखाली आपली सही व वेळ नोंदवितात. ही चर्चापाने वाङ्मय म्हणून वाचावयाच्या योग्यतेची आहेत असे माझे मत आहे. आणि प्रस्तुत लेखात त्यांचेच परीक्षण करण्याचा विचार आहे.

ही व्यवस्था जन्मास कशी आली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जिमी वेल्स व लॅरी सँगर ह्यांनी आरंभी, म्हणजे २००० साली, 'न्यूपीडिया' नावाचा कोश काढला होता. त्यात प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात पायऱ्यांच्या तपासणीतून जावयाचा असे. परिणाम असा झाला की, तो उपक्रम बंद पडेपर्यंत ह्या गाळणीतून सुमारे पंचवीस लेख काय ते बाहेर आले. १५ जानेवारी २००१ रोजी निघालेल्या विकिपीडियाने ती गाळणीच काढून टाकली. ज्यास लिहावेसे वाटेल त्याने लिहावे, आणि ज्यास खोडावेसे वाटेल त्याने खोडावे! येथे सामान्यतः असे समजले जाते की, विकिपीडियाने परीक्षणच रद्द केले. मला तसे वाटत नाही. प्रसिद्धीपूर्वी, बंद दाराआड, मोजक्या जाणत्यांत होणारा वाद तिने प्रसिद्धीनंतर, उघड्यावर, वाटेल त्याच्या देखत होऊ दिला, एवढेच. वादाची जागा बदलली, आणि जागा बदलल्याबरोबर त्याचा स्वभावही बदलला.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. जय मिळविण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडाव करण्यासाठी चालते ती वितंडा. विकिपीडियाचे नियम वाचले तर ते जल्प व वितंडा ह्यांस बांध घालून वादास वाट करून देण्यासाठी रचलेले दिसतात. लेखन तटस्थ दृष्टीने व्हावे. प्रत्येक विधान कोठल्या तरी प्रसिद्ध ग्रंथावरून पडताळून पाहता यावे. आणि लेखकाने स्वतःचे नवे संशोधन तेथे मांडू नये, हे त्यांतील तीन मुख्य. ह्या तिहींचा एकत्र परिणाम मोठा मौजेचा होतो. ईश्वर आहे की नाही, हा दोघां अनोळखी माणसांतील वाद कल्पांतापर्यंत मिटावयाचा नाही. परंतु अमुक तत्त्ववेत्त्याने अमुक ग्रंथात ईश्वराविषयी असे म्हटले आहे की नाही, हा वाद पुस्तक उघडताच मिटतो. म्हणजे तेथे भांडणाचा विषयच बदलला जातो. दोन श्रद्धावंतांस दोन कारकुनांच्या जागी बसविले जाते, आणि कारकुनांचा तंटा श्रद्धावंतांच्या तंट्याहून लवकर मिटतो. ह्यात तत्त्वनिर्णय होतो असे म्हणता यावयाचे नाही. खरे काय, हा प्रश्न तेथे मुळी विचारला जात नाही. छापील आधार काय, एवढाच विचारला जातो. छापील आधारच ज्यास नाही, अशा आपल्या ओव्या, दंतकथा आणि तोंडी परंपरा ह्यांची अशा दरबारात दाद लागणे कठीण, हा दोष मोठाच आहे; आणि तो नियम रचणारांच्या देशात फारसा जाणवण्याजोगा नसल्यामुळे त्यावर त्यांनी पुरेसा विचारही केलेला दिसत नाही.

विरोधकाचा पक्ष त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आपणच लिहावा, असाही एक उपदेश तेथील जुने सभासद नव्यांस करीत असतात. आपल्या शास्त्रकारांच्या पूर्वपक्षाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. पूर्वपक्ष दुबळा करून मांडणारा पंडित हा सभेत हास्यास्पद ठरे. चर्चापानांवर मात्र तो पुष्कळदा ठरत नाही.

कारण नियम काहीही असोत, माणसे जल्पाकडे वळतातच. एकाने लिहावे, दुसऱ्याने ते पूर्ववत करावे, पहिल्याने पुन्हा तेच लिहावे, असा फेरा सुरू झाला की त्यास तेथे संपादनयुद्ध म्हणतात. ह्यावर २००४ साली इंग्रजी विकिपीडियाने एक साधा उपाय योजला: चोवीस तासांत एकाच पानावर तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन उलटविणाऱ्यास काही काळ लिहिण्याची मनाई. ह्या नियमात न्यायाअन्यायाचा विचार नाही; तुमचे म्हणणे खरे असले तरी चौथ्यांदा उलटविलेत की तुम्ही दोषी. प्रथमदर्शनी हे असंस्कृत वाटते. परंतु माझ्या मते त्या संस्थेने केलेल्या सर्व कायद्यांत हा सर्वांत शहाणपणाचा होय. कोण बरोबर हे ठरविण्यास वेळ लागतो; कोण थांबत नाही हे मोजण्यास लागत नाही. आणि हात थांबले म्हणजेच तोंडे उघडतात. चर्चापानावरील कित्येक चांगले युक्तिवाद हे ह्या सक्तीच्या विश्रांतीतून जन्मले असले पाहिजेत.

भांडणाचे विषय पाहू गेल्यास प्रथम हसू येते. दह्यास इंग्रजीत 'योगर्ट' म्हणतात. त्या शब्दाच्या स्पेलिंगात 'एच' हे अक्षर असावे की नसावे, ह्यावर तेथे सुमारे आठ वर्षे कलह चालला आणि २०११ साली ते अक्षर गेले. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' नावाच्या चित्रपटाच्या शीर्षकातील 'इन्टू'चे पहिले अक्षर मोठे काढावे की लहान, एवढ्यासाठी २०१२च्या अखेरीपासून पुढील काही आठवड्यांत चाळीस हजारांहून अधिक शब्द खर्च झाले. एवढ्यात एक बेताची कादंबरी झाली असती. अखेर अक्षर मोठे झाले. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरे नाहीत हे आपले भाग्य म्हणावे, तर ऱ्हस्व-दीर्घांनी ती उणीव केव्हाच भरून काढली आहे. १९६२ साली साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे नियम केले म्हणून तो वाद शमला असे समजणाऱ्याने कोणत्याही दोन मराठी शिक्षकांस एका खोलीत बसवून पाहावे.

पण ह्या हास्याच्या पोटात एक गंभीर गोष्ट दडलेली आहे. नावावरून भांडणारे लोक नावासाठी भांडत नसतात. पोलंडमधील ग्दान्स्क ह्या शहराचे उदाहरण घ्या. जर्मन लोक त्यास डान्त्सिग म्हणत. १३०८ साली ते ट्यूटॉनिक सरदारांनी जिंकले. १४६६ ते १७९३ पर्यंतची सव्वातीनशे वर्षे ते पोलिश राजाच्या छत्राखाली होते, तरी त्याची वस्ती मोठ्या प्रमाणात जर्मनभाषिक. मग ते प्रशियात गेले. दोन महायुद्धांच्या मध्यंतरी ते स्वतंत्र नगर म्हणून नांदले. आणि १९४५ नंतर पोलंडचे झाले व तेथील जर्मन वस्ती उठली. ह्या शहरात १७८८ साली शोपेनहौअर जन्मला. तो कोठे जन्मला म्हणून लिहावयाचे? एका नावात एका राष्ट्राची हकालपट्टी आहे, दुसऱ्यात दुसऱ्या राष्ट्राचे दास्य. इंग्रजी विकिपीडियावर हा शब्द शेकडो लेखांत इकडून तिकडे फिरविला जात होता. शेवटी २००५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सभासदांचे मत घेण्यात आले. निर्णय असा झाला: १३०८च्या आधी व १९४५च्या नंतर ग्दान्स्क, मधल्या काळासाठी डान्त्सिग, चरित्रनायक स्पष्टपणे जर्मन असल्यास प्रथम डान्त्सिग व कंसात ग्दान्स्क, आणि स्पष्टपणे पोलिश असल्यास त्याच्या उलट, आणि दोन्ही राष्ट्रांच्या इतिहासात वाटेकरी असलेल्या कोणत्याही गावाचा प्रथम उल्लेख करताना दुसरे नावही दिलेच पाहिजे.

ह्या निर्णयाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावे. तो तर्कशुद्ध नाही. 'स्पष्टपणे जर्मन' कोणास म्हणावे, हे त्यात सांगितलेले नाही. आणि त्या शहरातील कित्येक घराण्यांस हा प्रश्न विचारला असता तर त्यांनी विचारणाराकडेच नवलाने पाहिले असते. इतिहासाची वर्षे मोजून वाटणी करणे हे एखाद्या वडिलोपार्जित वाड्याच्या खणांची वाटणी करण्यासारखे आहे. परंतु कंसातील ते दुसरे नाव मला महत्त्वाचे वाटते. दोन्ही पक्षांस आपले नाव पुढे लावता आले नाही, तरी कोणाचेही नाव पुसले गेले नाही. वाक्य थोडे बेढब झाले. ज्ञानकोशाच्या गद्यात असे बेढब कंस दिसले म्हणजे तेथे दोन माणसे भांडली व दोघेही उरली, असे खुशाल समजावे. डॉ. जॉन्सनसारख्या कोशकाराच्या एकहाती, डौलदार गद्यात अशा जागा सापडावयाच्या नाहीत. शैलीचा हा तोटा आहे हे मी इंग्रजी वाङ्मयाचा शिक्षक म्हणून जाणतो, पण तो सोसण्यासारखा आहे. गंगेविषयीच्या इंग्रजी लेखाचे नाव 'गंगा' असावे की 'गँजेस', हा वादही तेथे पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे. शीर्षक अद्याप 'गँजेस'च आहे, आणि पहिल्याच वाक्यात 'गंगा'ही आहे.

मतदान हा मात्र तेथील नित्याचा मार्ग नव्हे. दोघांतच वाद अडला तर एखाद्या तिसऱ्या, त्रयस्थ सभासदास मत विचारावे. त्याने भागले नाही तर सर्वांस आवाहन करावे. महिनाभर चर्चा झाल्यावर तीत भाग न घेतलेल्या कोणी तरी ती वाचून निष्कर्ष लिहावा. आणि त्याने डोकी न मोजता युक्तिवाद तोलावेत, अशी ही उतरंड आहे. मध्यस्थांची एक समिती पूर्वी असे. ती २०१८ साली विसर्जित झाली. सर्वांत वर सभासदांनी निवडलेले लवाद मंडळ आहे. ते २००४ पासून काम करीत आहे, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की ते लेखात काय असावे ह्याचा निवाडा देतच नाही. माणसे एकमेकांशी कशी वागली एवढेच पाहते. मजकुराचा निवाडा करणारे सर्वोच्च न्यायालय ज्ञानकोशास नसावे, ही कल्पना केतकरांस मानवली नसती असे वाटते.

ह्या पद्धतीत एक दोष असा आहे की, तो नियमांनी दूर होण्याजोगा नाही. ज्यास रिकामा वेळ अधिक, तो जिंकतो. एकमत झाले असे जेथे लिहिलेले असते तेथे पुष्कळदा एक पक्ष थकून गेला, एवढाच अर्थ असतो. नोकरी, घर, मुलेबाळे सांभाळून लिहिणाऱ्यास अहोरात्र बसणाऱ्याशी टक्कर देता येत नाही. नियमांची संक्षिप्त नावे तोंडपाठ असलेला जुना सभासद नवख्यास त्यांच्याच भडिमाराने गप्प करतो. वकिलाने अशिलास कलमे ऐकवावीत तसा हा प्रकार. लिहिणारांत स्त्रियांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत फारच अल्प आढळले आहे, त्याची कारणे अनेक असतील. पण चर्चापानांवरील हा आखाड्याचा वास हे त्यांपैकी एक असावे, हे तेथे तासभर वाचीत बसलेल्या कोणासही पटेल.

आता परिचयाविषयी. ही माणसे एकमेकांस ओळखत नाहीत. बहुतेक जण टोपणनावाने वावरतात. वय, जात, हुद्दा, गाव ह्यांपैकी काही कळण्याचा मार्ग नाही. प्रत्येक सभासदास स्वतःचे एक पान असते. त्यावर तो इच्छा असल्यास आपल्या आवडीनिवडी, येणाऱ्या भाषा इत्यादी लिहितो, आणि त्यास जोडून त्याचे स्वतःचेही चर्चापान असते. लेखावरील भांडण पुष्कळदा ह्या खासगी पानाच्या ओसरीवर येते, आणि तेथे त्याचा सूर उतरतो. 'आपण त्या परिच्छेदात म्हणता ते पुस्तक माझ्याजवळ नाही, त्यातील पान पाठवाल काय?' अशा एका वाक्यापासून कित्येक ओळखी सुरू झालेल्या दिसतात. चांगल्या कामाबद्दल एकाने दुसऱ्याच्या पानावर एक तारा लावावा, अशी चाल २००३ पासून आहे. २०१२ साली नवख्यांसाठी एक 'चहाघर' उघडण्यात आले. २०१३ पासून एखाद्या दुरुस्तीबद्दल नुसते आभार मानण्याचीही सोय झाली. पुढे माणसे प्रत्यक्ष भेटू लागली. २००५च्या ऑगस्टमध्ये फ्रांकफुर्ट येथे जगभरच्या सभासदांचे पहिले संमेलन भरले. आपल्याकडे २०११च्या नोव्हेंबरात मुंबई विद्यापीठात भारतीय सभासदांची परिषद झाली. टोपणनावाने वर्षानुवर्षे भांडलेल्या दोघांनी अशा ठिकाणी एकमेकांच्या छातीवरील चिठ्ठी वाचून एकदम हसावे, हे दृश्य कल्पिण्यास कठीण नाही. निवर्तलेल्या सभासदांची एक यादीही तेथे ठेविली आहे. त्यांचे स्वतःचे पान मग कोणास बदलता येऊ नये म्हणून बंद करतात. चर्चापान मात्र सहसा उघडेच ठेवतात.

आपल्या वाङ्मयीन जीवनाशी ह्याची तुलना केली असता क्रम उलटा असल्याचे ध्यानात येते. आपल्याकडे परिचय आधी आणि वाद मागाहून. टिळक आणि आगरकर ह्यांचा स्नेह डेक्कन कॉलेजातला. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात दोघे एकत्र राहिले. आणि मग मतभेद झाला तो इतका की, आगरकरांनी 'केसरी' सोडला व १८८८ साली 'सुधारक' काढला. त्यांच्यातील वाद हा महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील अत्यंत मोलाचा वाद होय, ह्यात संशय नाही. परंतु त्या वादाने मैत्री होरपळली. मतावर केलेला वार मित्रावर केलेला वार वाटावा, इतके ते एकमेकांस ओळखत होते. त्यांच्यानंतरच्या, त्यांच्या उंचीस न पोहोचणाऱ्या मंडळींनी ह्यावरून सोयीस्कर धडा घेतला: मैत्री टिकवावयाची तर वादच घालू नये. आपल्या मासिकांतून येणाऱ्या ग्रंथपरीक्षणांवर ह्या धड्याची छाया किती दाट आहे, हे वाचकांस सांगावयास नको. विकिपीडियावर वाद आधी होतो. समोरचा कोण हे ठाऊक नसल्यामुळे भिडेस जागा नसते, आणि ओळख होते ती त्याने वाद कसा घातला ह्यावरून होते. त्याने पुरावा दिला की टाळला, हार झाल्यावर ती मान्य केली की नाही, एवढ्यावर जी ओळख होते ती पुष्कळशी विश्वसनीय असते. नियमांपेक्षा ह्या उलट्या क्रमात त्या संस्थेचे खरे बळ आहे, असे मला वाटते.

हा क्रम जेथे बिघडला तेथे काय झाले, ह्याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. स्कॉट्स ही स्कॉटलंडातील इंग्रजीची भगिनी भाषा; तिच्यातही एक विकिपीडिया आहे. २०२० साली असे उघडकीस आले की, तीतील हजारो लेख स्कॉट्स भाषा न जाणणाऱ्या एका अमेरिकन तरुणाने कित्येक वर्षे लिहिले होते. इंग्रजी वाक्यातील शब्द कोशात पाहून बदलावेत, अशी त्याची पद्धत. हेतू वाईट नव्हता. पण इतक्या वर्षांत 'बाबा रे, ही आमची भाषा नव्हे' असे त्याच्या चर्चापानावर ठणकावून सांगून हात धरणारे पुरेसे लोक तेथे नव्हते. वादच नसल्यामुळे त्या कोशाचे अर्धे अंग कुजले आणि कोणास वास आला नाही. दुसरे उदाहरण क्रोएशियन भाषेचे. तेथे माणसे होती, आणि ती एकमेकांस धरून होती. उजव्या टोकाच्या राष्ट्राभिमानी मताच्या थोड्या प्रचालकांनी ती जागा वर्षानुवर्षे आपल्या ताब्यात ठेविली. दुसऱ्या महायुद्धातील उस्ताशा राजवटीच्या अत्याचारांचे वर्णन त्यांनी सौम्य केले, आणि विरुद्ध बोलणारांस लिहिण्याची मनाई केली. २०१३ साली त्या देशाच्या शिक्षणमंत्र्यासच विद्यार्थ्यांना सावध करावे लागले. विकिमीडिया प्रतिष्ठानाने करविलेल्या तपासणीचा अहवाल २०२१ साली निघाला, तोवर दशक लोटले होते. येथे नियम तेच होते, चर्चापानेही होती. परंतु त्रयस्थ म्हणून कोणी उरलाच नव्हता. परिचयाची टोळी बनली की चर्चापान हे टोळीचे दप्तर होते.

मराठी विकिपीडियाचा विचार ह्या दोन उदाहरणांच्या मध्ये करावा लागतो. तिचा आरंभ मे २००३ मधला. लेखांची संख्या आता लाखाच्या आसपास आहे. नियमाने लिहिणारे मात्र फार थोडे. ह्या थोड्यांचे श्रम पाहून आदर वाटतो. निरनिराळ्या भाषांतील सभासदांनी आपल्या सार्वजनिक गप्पांच्या जागेस कोणती नावे दिली हे पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी त्यास गावचा पाण्याचा पंप म्हटले, फ्रेंचांनी बिस्त्रो, हिंदीने चौपाल; मराठीने चावडी. नाव सुरेख आहे, घरगुती आहे. तथापि मला 'पाणवठा' अधिक आवडला असता. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसत. तेथे सारा भरावयाचा, तक्रार करावयाची आणि हुकूम ऐकावयाचा. पाणवठ्यावर कोणी कोणास बोलाविलेले नसते. घागर भरेपर्यंत चार शब्द निघतात. अर्थात पाणवठे तरी आपल्याकडे सर्वांस कोठे मोकळे होते, असे कोणी म्हटल्यास मजजवळ उत्तर नाही. महाडच्या तळ्याचा १९२७ सालचा सत्याग्रह त्यासाठीच झाला.

नावाचे राहो. मला चिंता वाटते ती वेगळ्या गोष्टीची. मराठीतील महत्त्वाच्या विषयांवरील, म्हणजे ज्यांवरून आपण सभांत व घरांत कडाक्याने भांडतो अशा संत, राजे, सुधारक, जाती, ग्रंथ ह्यांवरील लेख उघडून मी त्यांची चर्चापाने पाहतो, तेव्हा त्यांतील पुष्कळ रिकामी आढळतात, किंवा चार-सहा ओळींत संपतात. हे एकमत नव्हे. ह्या विषयांवर मराठी माणसाचे एकमत आहे असे कोण म्हणेल? ज्यांच्याजवळ आधार आहेत, जुन्या मासिकांचे अंक, बखरींच्या प्रती, दप्तरांतील कागद आहेत, ते विद्वान तेथे जात नाहीत, कारण तेथे आपल्या पदवीस कोणी मुजरा करणार नाही हे त्यांस ठाऊक आहे. आणि जे जातात त्यांच्याजवळ आधार नसल्यामुळे ते वाद घालू शकत नाहीत. इंग्रजीत अपरिचितांची गर्दी आहे, म्हणून तेथे भीड मोडते. आपल्याकडे चार माणसे, आणि ती महिन्याभरात एकमेकांस ओळखू लागणार. मग एकाच्या लेखावर दुसऱ्याने आक्षेप घ्यावयाचा म्हणजे लग्नकार्यात मानापमान काढण्यासारखे होते. तेव्हा तिऱ्हाईतांची संख्या वाढविणे एवढाच उपाय दिसतो. आणि मराठीचे तिऱ्हाईत काही थोडे नाहीत. बडोदे, इंदूर, तंजावर, बेळगाव येथे ते आहेत. लंडन व न्यू जर्सीतही आहेत. पुण्यातील दोन पक्षांपैकी कोणाच्याही पंक्तीस न बसलेला तंजावरकडील एखादा गृहस्थ आपल्याजवळचा मोडीतला कागद घेऊन ह्या चर्चेत उतरला, तर त्याच्याशी भांडण्यास आपणांस कोणाचीही भीड पडणार नाही.

सध्या मात्र नव्या सभासदाच्या चर्चापानावर स्वागताचा ठरावीक मजकूर तेवढा लागलेला असतो. तो सौजन्ययुक्त आहे, त्यात मदतीच्या पानांचे दुवे आहेत. त्याखाली कित्येकांच्या पानावर दुसरी ओळ नाही.